साडूचं औषध

चष्मेवाल्यांना कुणी विचारलं, की तुम्ही त्या औषधाच्या चाचणीत कशाला गेलात, तर ते म्हणायचे, "साडूंना एकटं पाठवणं बरं दिसेना." आणि साडूंना, म्हणजे लिफ्ट दुरुस्त करणाऱ्या लिफ्टवाल्यांना, विचारलं तर ते म्हणायचे, "मला कुठे जायचं होतं? यांनी दंडाला धरून नेलं." दोघांपैकी खरं कोण बोलतंय हे थोरलीला पक्कं ठाऊक होतं. थोरली ही चष्मेवाल्यांची बायको आणि धाकटी लिफ्टवाल्यांची. दोघी सख्ख्या बहिणी, लग्नानंतरही दोन गल्ल्यांच्या अंतरावर राहणाऱ्या, त्यामुळे कुणाच्या घरात काय चाललंय हे एकमेकींना विचारावं लागत नसे.

मोठ्या दवाखान्यात एक्स-रेच्या खोलीला वळसा घालून गेलं, की मागे एक लांबट खोली होती. तिथे पन्नाशीच्या आगेमागे असलेले आणि रक्तात कोलेस्टेरॉल जास्त निघालेले पुरुष दर तीन महिन्यांनी बाह्या वर करून ओळीत बसायचे. रक्त द्यायचं, वजन करायचं आणि गोळ्यांची बाटली घेऊन घरी जायचं. अर्ध्या लोकांच्या बाटलीत खरं औषध, अर्ध्यांच्या बाटलीत हुबेहूब तशीच दिसणारी, पण आत नुसती पिठाची गोळी. कुणाला कुठली मिळाली हे घेणाऱ्याला माहीत नाही, देणाऱ्या सिस्टरला माहीत नाही, तपासणाऱ्या डॉक्टरीणबाईंनाही माहीत नाही. झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात त्यातला प्रकार, फक्त इथे मूठ कुणाची हेसुद्धा झाकलेलं. काही वर्षांनी मूठ उघडायची आणि कुणाची हृदयं जास्त टिकली ते बघायचं. सिस्टरने सगळ्यांना एवढंच सांगितलं होतं, की गोळी घेतल्यावर काहींचा चेहरा थोडा वेळ लाल आणि गरम होतो, त्याला घाबरायचं नाही.

चष्मेवाले तिथे गेले त्याचं कारण ते कुणालाच सांगत नसत. त्यांच्या घरातले पुरुष त्रेपन्नावं वर्ष ओलांडत नसत. वडील गेले, चुलते गेले, मग थोरले भाऊ गेले. सगळे खुर्चीत बसल्या बसल्या, कुणाला तसदी न देता. आणि चष्मेवाल्यांचं आता बावन्नावं संपत आलं होतं. ते याबद्दल चकार शब्द काढत नसत, पण बायकोला न कळायला ती काय शेजारीण होती? फ्रेमांचा एजंट नवे नमुने घेऊन आला, की पूर्वी ते म्हणायचे, "पुढच्या वर्षी नक्की." आता म्हणायचे, "पुढच्या वर्षीचं पुढच्या वर्षी." आणि ज्या काचा घासायच्या चाकाला त्यांनी आजवर कुणाला हात लावू दिला नव्हता, ते एका दुपारी त्यांनी थोरलीला शिकवायला घेतलं. काच कशी धरायची, पाणी किती सोडायचं, कडा कशी सोडवायची. थोरली शहाण्या विद्यार्थिनीसारखी मान हलवत होती आणि हे आपल्याला का शिकवताहेत ते तिला कळत होतं.

तर बाटल्या घरी आल्या. पहिल्याच रविवारी दोन्ही घरं एकत्र जेवली, दोघा साडूंनी मोठ्या समारंभाने गोळ्या घेतल्या आणि अर्ध्या तासात लिफ्टवाले कानापासून गळ्यापर्यंत लालबुंद झाले.

"काय साडूबुवा," चष्मेवाले म्हणाले, "कुणाची चिठ्ठीबिठ्ठी आली की काय? एवढे लाजलात ते."

"तुम्हाला बघून लाजलो," लिफ्टवाले मान खाजवत म्हणाले. "आग होतेय हो. मुंग्या चावल्यासारखं वाटतंय."

"होऊ दे, होऊ दे. औषध अंगाला लागतंय तुमच्या."

सगळे हसले. हसता हसता चष्मेवाले बोळातल्या आरशासमोर गेले आणि चष्मा सारखा करायच्या निमित्ताने त्यांनी स्वतःचा चेहरा पाहिला. चेहरा जसाच्या तसा, फिक्कट. हातच्या काकणाला आरसा कशाला म्हणतात, पण त्यांना त्या दिवशी आरसासुद्धा पुरला नाही. त्यांनी दोन्ही हातांनी गाल चाचपून बघितले. डॉक्टरांना जे कळायला काही वर्षं लागणार होती ते या कुटुंबाला जेवणाची ताटं उचलायच्या आत कळलं होतं. लिफ्टवाल्यांना औषध मिळालं होतं आणि चष्मेवाल्यांना पीठ.

त्याच आठवड्यात दुकानात एक निवृत्त मास्तरीणबाई आल्या. त्यांचा नंबर बदललेला नसायचा, पण बदललाय असा हट्ट असायचा. चष्मेवाल्यांनी नेहमीप्रमाणे चाचणीच्या चौकटीतली काच काढली, फडक्याने पुसली आणि तीच परत बसवली. "आता?"

"आता कसं लख्ख दिसतंय," बाई म्हणाल्या.

अशा वेळी ते काउंटरवरच्या थोरलीकडे बघून हळूच एक भुवई उडवायचे. हा त्यांचा जुना, दोघांतला विनोद. त्या दिवशी भुवई उडाली नाही. बाई गेल्यावर ते काच डबीत ठेवत म्हणाले, "माझंही तसंच चाललंय. काढली काच, बसवली तीच."

बस्स, एवढंच बोलले. पण थोरलीला तेवढं पुरे झालं. दुसऱ्या दिवशी दुपारी पर्समध्ये नवऱ्याची बाटली टाकून ती धाकटीकडे निघाली. वाटेत तिने वाक्यं जुळवली होती. "तुझ्या नवऱ्याला काही धाड भरलेली नाही, त्यांच्या घरात सगळे काठी टेकत ऐंशीला पोचतात, माझ्याकडे बघ जरा." अशी वाक्यं बहिणीला तोंडावर म्हणता येत नाहीत हे तिला बेल वाजवल्यावर कळलं.

म्हणायची वेळच आली नाही. धाकटीच भरून आलेली होती. "ताई, काय गं हे विष देतात? माणूस नुसता भाजून निघतो. मान खाजवून खाजवून सालं काढलीत यांनी. भावोजी बघ कसे मजेत आहेत. त्यांना चांगली गोळी मिळाली, आमच्या नशिबी ही."

थोरली गप्प बसली. थोरलीने गप्प बसावं असे प्रसंग आयुष्यात फार थोडे आले होते आणि त्यातला हा सगळ्यांत फायद्याचा होता. धाकटीला लाल चेहरा म्हणजे विष वाटत होतं, थोरलीला अमृत. धाकटीची समजूत काढणं हे मोठ्या बहिणीचं कर्तव्य होतं. तिने ते केलं नाही.

"मग असं करू," ती म्हणाली, "अदलाबदल करू. यांना काही होत नाही, यांची कातडी जाड आहे. सोसतील."

"अगं पण ताई, तुला चालेल?"

"तुझ्यासाठी एवढंही करू नये का मी?" हे वाक्य तोंडातून गेलं आणि थोरलीला स्वतःचीच लाज वाटली, पण वाक्य परत घेतलं नाही.

स्वयंपाकघरातल्या टेबलावर दोघींनी दोन बशा मांडल्या, दोन्ही बाटल्या रिकाम्या केल्या, आणि बशा फिरवून गोळ्या उलटसुलट भरल्या. मध्येच "फुलाची बशी माझी की तुझी?" असा घोळ झालाच, पण निस्तरला. आतल्या खोलीत लिफ्टवाले रात्रपाळी करून झोपले होते, म्हणून सगळं कुजबुजत चाललं होतं. कुजबुज म्हणजे या दोन बहिणींची कुजबुज. ती भिंतीपलीकडे फक्त बहिऱ्याला ऐकू जात नाही.

पुढल्या सकाळी थोरली न्हाणीघराच्या दाराशी टॉवेल वाळत घालायचं निमित्त करून उभी राहिली. चष्मेवाले बाहेर आले. गालावर लाली, कानांच्या पाळ्या तांबड्या. थोरली अशी हसली, की चष्मेवाल्यांनी विचारलं, "काय झालं?"

"काही नाही. बरे दिसताय."

त्या दिवसापासून रोज सकाळी ते लाल होऊन बाहेर यायचे आणि थोरलीचा दिवस उजाडायचा. तिकडे लिफ्टवाल्यांचं खाजवणं घरात थांबलं. गोळी ते आता कामावर जाऊन घेत आणि संध्याकाळी गारेगार चेहऱ्याने घरी येत. धाकटी सुखावली. तीन महिन्यांनी नव्या बाटल्या आल्या, पुन्हा बशा मांडल्या गेल्या, आणि या वेळी फुलाची बशी कुणाची हे आधीच ठरवून ठेवलं होतं.

पण खाई त्याला खवखवे. थोरलीला रात्री झोपताना धाकटीचा नवरा दिसायला लागला. सज्जन माणूस, चार मजले एका दमात चढून लिफ्टच्या मोटारीच्या खोलीत जाणारा, आणि त्याच्या वाट्याचं औषध तिने गोड बोलून काढून घेतलेलं. मन खायला लागलं, की थोरली देत सुटायची. तिने धाकटीला स्वतःची न वापरलेली शाल दिली. धाकटीने त्या बदल्यात ताईच्या दुकानाचे पडदे शिवून दिले. थोरलीने तिला उन्हाचा महागातला चष्मा नेऊन दिला. धाकटीने ताईच्या घरी येऊन सगळ्या खिडक्यांच्या काचा पुसल्या. ही एवढी प्रेमाची लाट धाकटीला का आली, असा प्रश्न थोरलीला पडायला हवा होता. पण चोराच्या मनात चांदणं. तिला वाटायचं, ही बिचारी माझ्यावर जीव टाकते आणि मी तिचं घर लुटतेय.

मग एका सकाळी दुकानात फोन आला. लिफ्टवाले कामावर मोटारीच्या खोलीत छाती धरून खाली बसले होते. त्यांना मोठ्या दवाखान्यात हलवलं होतं.

थोरलीने हातातली फ्रेम तशीच काउंटरवर टाकली. चष्मेवाले डोळे तपासून घेणाऱ्या गिऱ्हाइकाला तसंच खुर्चीत सोडून, शटर अर्धं ओढून धावले. थोरलीही रिक्षात बसली. तिला एवढंच कळत होतं, की बहिणीने विचारलं तर काय सांगायचं ते आपल्याकडे नाही. आपल्या नवऱ्याला वाचवायला निघालो आणि तिच्या नवऱ्याला खड्ड्यात घातलं.

धाकटी खाटेच्या पडद्याबाहेर उभी होती. आत तारा लावून लिफ्टवाले झोपले होते आणि चाचणीच्या डॉक्टरीणबाई कागदाच्या पट्टीवरच्या रेघा बघत होत्या. थोरलीने बहिणीचे दोन्ही हात धरले.

"मला माफ कर," ती म्हणाली. "मला माहीत होतं. लाल होतो त्यालाच खरं औषध मिळालंय हे मला माहीत होतं. तुला विष वाटत होतं, मी वाटू दिलं. तुझ्या माणसाचं औषध मी माझ्या माणसाला घातलं."

धाकटीचा चेहरा वाकडा झाला. "ताई, मीही तेच सांगणार होते गं तुला. मला ते विषच वाटत होतं. भावोजींच्या घरी सगळे लवकर जातात हे माहीत असून मी ते तुझ्या पर्समध्ये भरून दिलं. आणि वर खूश झाले. आता यांनाच काहीतरी झालं, म्हटलं, केल्याचं फळ मिळालं."

"म्हणजे खिडक्यांच्या काचा?"

"मग काय! एरवी मी तुझ्या काचा पुसेन का?"

दोघी एकमेकींच्या गळ्यात पडून रडायला लागल्या. पडद्याआडून आधी एक कण्हणं आलं, मग एक गुदमरलेला आवाज, आणि डॉक्टरीणबाई घाईने म्हणाल्या, "हसू नका. दुखेल."

लिफ्टवाले हसत होते. छातीवर हात दाबून, डोळ्यांतून पाणी काढत हसत होते. डॉक्टरीणबाईंनी पडदा सारला आणि सांगितलं, की हृदयाला काही झालेलं नाही. यांनी मोटारीचं लोखंडी झाकण एकट्याने उचललं आणि छातीचा स्नायू ओढला गेला. दोन दिवस आराम करायचा, आणि उचलायला माणूस घ्यायचा. मग त्यांनी दोघी बहिणींकडे वळून, कपाळाला हात लावून विचारलं, "तुम्ही गोळ्या बदलल्यात? किती महिने?"

"बदलल्या नाहीत हो," लिफ्टवाले म्हणाले. "म्हणजे यांनी बदलल्या. आम्ही परत बदलल्या."

सगळे त्यांच्याकडे बघायला लागले. चष्मेवाले तेवढे भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत होते.

"मी आतल्या खोलीत जागा होतो," लिफ्टवाल्यांनी सांगितलं. "सगळं ऐकलं. म्हटलं, चांगलंच झालं, साडूला गरज आहे, घेऊ दे. संध्याकाळी दुकानात गेलो आणि यांना म्हणालो, आजपासून माझं औषध तुमच्याकडे, नीट खा. तर हे ऐकायला तयार नाहीत. मी म्हटलं, अहो, माझा बाप पंच्याऐंशीचा आहे. हे म्हणाले, साडूच्या वाट्याची गोळी माझ्या गळ्याखाली उतरायची नाही. तासभर भांडलो आम्ही. शेवटी काचा घासायच्या त्या चाकाशेजारी बसून सगळ्या गोळ्या होत्या तिथे घातल्या. नवी बाटली आली की तुमच्या बशा आणि दुसऱ्या दिवशी आमचं चाक. बायका खूश होत्या, म्हटलं तेरी भी चूप, मेरी भी चूप. मी अजून लाल होतोच की. फक्त मोटारीच्या खोलीत होतो, तिथे बघायला कोण आहे?"

डॉक्टरीणबाई बाकावर बसल्या. "म्हणजे ज्याच्या त्याच्याच पोटात गेल्या," त्या म्हणाल्या आणि बऱ्याच वेळाने हसल्या. मग म्हणाल्या, "हे मला वर कळवावं लागेल. आणि एक ऐका. लाल होतो म्हणजे औषध घेतोय, एवढं कदाचित म्हणता येईल. त्या औषधाने माणूस वाचतो की नाही, हे मला माहीत नाही. माहीत असतं तर मी पिठाच्या गोळ्या वाटत बसले असते का? ज्याला तुम्ही अमृत म्हणता आणि या विष म्हणतात, ते नुसतंच गाल लाल करणारं काहीतरी असेल. तेच तर बघायचंय. कृपा करून बशा मांडू नका."

बहिणींनी माना डोलावल्या. शाळेत बाकावर उभ्या केल्यावर डोलवायच्या तशाच.

परत येताना चष्मेवाले रिक्षात खिडकीकडे तोंड करून बसले. दुकानात शिरल्यावर त्यांनी स्वच्छ असलेलं काउंटर पुसायला घेतलं. सोडून दिलेलं गिऱ्हाईक केव्हाच निघून गेलं होतं. थोरली दाराशीच उभी राहिली.

"तुम्ही पिठाच्याच गोळ्या घेत होतात," ती म्हणाली.

"हो."

"मग रोज सकाळी तोंड कसं लाल व्हायचं?"

चष्मेवाल्यांनी काउंटरचा कोपरा दोनदा पुसला. "टॉवेलने."

"काय?"

"खसाखसा चोळायचं. गाल, गळा. कान जरा ओढायचे. मिनिटभर श्वास रोखला की आणखी बरं येतं."

"कशासाठी?"

"पहिल्या दिवशी मी नुसता गरम पाण्याने तोंड धुऊन आलो होतो," ते म्हणाले. "साडूंशी आदल्याच संध्याकाळी भांडून झालेलं होतं. तुला सांगून टाकायचं ठरवूनच बाहेर आलो. तू दाराशी होतीस. माझं तोंड बघून हसलीस. वर्षभरात तू तशी हसली नव्हतीस. मग सांगवेना. म्हटलं, औषध आपल्याला नाही तर नाही, निदान तुला तरी लागू पडतंय."

थोरलीला राग आला आणि रडूही आलं, आणि कुठलं आधी येऊ द्यावं ते ठरेना. इतके महिने ती ज्या लालीवर जगत होती ती एका खरखरीत टॉवेलची होती. ज्याच्यासाठी तिने बहिणीला फसवलं त्याने ते औषध पहिल्याच दिवशी परत केलं होतं, आणि कुणाला न सांगता रोज सकाळी पिठाची गोळी गिळून, कान ओढून, तिच्यासमोर येऊन उभा राहत होता.

"आणि त्रेपन्नावं?" तिने विचारलं. हा आकडा त्या घरात आजवर कुणी उच्चारला नव्हता.

"लागलं की गेल्या महिन्यात."

"भीती नाही वाटत?"

"वाटते ना. रोज वाटते. गोळी तळहातावर घेतली की वाटते." त्यांनी फडकं खाली ठेवलं. "साडूची घेतली असती तर भीती गेली नसती, नुसती लाज वाढली असती."

थोरली आत आली आणि त्यांच्या समोर, गिऱ्हाइकाच्या खुर्चीत बसली. त्यांचा चेहरा दिवसाउजेडी कितीतरी दिवसांनी तिने नीट पाहिला. फिक्कट होता, दमलेला होता, आणि गालांवर चोळून चोळून बारीक साल निघालेली होती, ती तिला आजवर दिसली नव्हती.

"उद्यापासून चोळायचं नाही," ती म्हणाली. "पांढरं तर पांढरं. जे असेल ते तोंड घेऊन बाहेर यायचं."

"आणि ते बघून तू घाबरलीस तर?"

"मग दोघं मिळून घाबरू," थोरली म्हणाली. "एकट्याने केलंत तेवढं बास झालं."